‘इंटेलिजन्सर’ : हेर आणि बातमीदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाववाढ, जमीन, मजुरी हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. ते बाजूला ठेवून एका मृतप्राय इंग्रजी शब्दावर तासभर बोलणे ही काही जणांना चैन वाटेल. परंतु शब्द हे सत्तेच्या इतिहासाचे साक्षीदार असतात आणि साक्षीदार म्हातारा झाला म्हणून त्याची साक्ष रद्द होत नाही. शिवाय ह्या शब्दाचा संबंध आपल्या सभेत मागच्या रांगेत वही घेऊन बसणाऱ्या त्या साध्या वेषातल्या गृहस्थाशी आहे. त्याला आपण सगळे ओळखतो आणि बहुतेक वेळा चहाही पाजतो.

शब्द आहे ‘इंटेलिजन्सर’. आजच्या इंग्रजीत तो बोलण्यात येत नाही. अमेरिकेतील काही वृत्तपत्रांच्या नावांत तेवढा तो उरला आहे. सिअ‍ॅटल शहरातील ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ हे त्यांपैकी प्रसिद्ध पत्र. त्याची छापील आवृत्ती २००९ साली बंद झाली. पण सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या इंग्रजाला हा शब्द ऐकू आला की वृत्तपत्र आठवत नसे, हेर आठवत असे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ समजणे, उमगणे. त्यावरून ‘इंटेलिजन्स’ म्हणजे प्रथम बुद्धी, आकलन. मग जे कळले ते, म्हणजे वार्ता. आणि जो ती वार्ता आणून देतो तो इंटेलिजन्सर. शब्दाच्या घडणीत निंदा नाही. निंदा आली ती ही वार्ता कोणाकडे जाते आणि कशी मिळवली जाते ह्या प्रश्नांतून. शेक्सपिअरने हा शब्द दोन्ही रंगांत वापरला आहे. ‘तिसरा रिचर्ड’ ह्या नाटकात त्या दुष्ट राजाला नरकाचा हस्तक म्हणून हे नाव मिळते, तर ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात देव आणि मर्त्य माणूस ह्यांच्यामध्ये दुवा असलेल्या धर्मगुरूलाही तेच नाव मिळते. नरकाचा माणूस आणि स्वर्गाचा निरोप्या, दोघेही इंटेलिजन्सर!

एलिझाबेथ राणीचा सचिव सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम हा ह्या मंडळींचा खरा धनी. १५७३ पासून १५९० साली मृत्यू येईपर्यंत त्याने युरोपभर माणसे पेरली, त्यांतील पुष्कळांचा पगार स्वत:च्या खिशातून दिला आणि मरताना तो कर्जात होता. त्याची सर्वांत गाजलेली कामगिरी १५८६ सालची. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. तिला वाटे की, बिअरच्या पिंपातून आत-बाहेर जाणारी आपली पत्रे गुप्त आहेत. वस्तुत: तो मार्गच वॉल्सिंगहॅमच्या संमतीने चालू होता, पत्रे पोचविणारा गिल्बर्ट गिफर्ड त्याचाच माणूस होता. टॉमस फेलिप्स हा सांकेतिक लिपी उलगडणारा इसम प्रत्येक पत्र वाची आणि मग ते पुढे जाई. राणीचा खून करण्याच्या कटाला मेरीने पत्रातून संमती दिली तेव्हा फेलिप्सने त्या पत्राखाली एक बनावट ताजा कलम जोडला आणि कटवाल्यांकडे सहा साथीदारांची नावे मागितली. १५८७ च्या फेब्रुवारीत मेरीचा शिरच्छेद झाला. कट खरा होता हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वार्ता आणणाऱ्याने येथे वार्तेत भर घातली. जे घडते ते सांगणे आणि जे घडावे ते घडवून आणणे ह्यांतील सीमारेषा ह्या धंद्याच्या बाल्यावस्थेतच पुसट झाली होती.

जॉन वेब्स्टरच्या ‘द डचेस ऑफ मॅल्फी’ ह्या १६२३ साली छापलेल्या नाटकात बोसोला नावाचे एक पात्र आहे. धनिक भाऊ आपल्या विधवा बहिणीवर पाळत ठेवण्यासाठी त्याला नेमतात. बोसोला गरजू आहे, शिकलेला आहे, पूर्वी ह्याच लोकांसाठी गुन्हा करून शिक्षा भोगून आलेला आहे. तो काम ओळखतो आणि ते इंटेलिजन्सरचे आहे हे स्पष्ट बोलूनही दाखवतो. परंतु त्याच्या नेमणुकीचे नाव काय? घोड्यांच्या पागेचा अधिकारी! हेराचे पद हेराच्या नावाने कधीच नोंदले जात नाही; पगारपत्रकावर तो पागेवर असतो. वेब्स्टरला हे चारशे वर्षांपूर्वी कळले होते. बोसोला शेवटी खुनी होतो आणि पश्चात्तापही करतो, पण धन्याने कबूल केलेले बक्षीस त्याला मिळत नाही. बेकार सुशिक्षितांची मजबुरी आणि धनिकांची पाळत ह्यांचे नाते एवढ्या निर्विकारपणे मांडणारे दुसरे नाटक मला ठाऊक नाही.

ह्याच सुमारास हा शब्द एका अगदी निराळ्या माणसाला सन्मानाने लावला जात होता. सॅम्युएल हार्टलिब हा प्रशियातून लंडनला आलेला विद्वान. शेती, शिक्षण, मधमाशा, यंत्रे, धर्मैक्य अशा नाना विषयांवर युरोपभरच्या लोकांशी तो पत्रव्यवहार करी. एकाला सुचलेले दुसऱ्याला कळवी. त्याचे समकालीन त्याला युरोपचा थोर इंटेलिजन्सर म्हणत, आणि त्यात उपरोध नव्हता. १६६२ साली तो वारला. त्याचाच कित्ता गिरवणारा हेन्री ओल्डेनबर्ग रॉयल सोसायटीचा सचिव झाला आणि १६६५ साली त्याने विज्ञानाचे नियतकालिक सुरू केले. पण १६६७ मध्ये इंग्लंड-हॉलंड युद्धाच्या धामधुमीत ह्याच माणसाला परदेशी पत्रव्यवहाराच्या संशयावरून दोनेक महिने टॉवरच्या तुरुंगात बसावे लागले. सरकारच्या दृष्टीने बाहेरच्या जगाशी पत्र लिहिणारा प्रत्येक जण एकाच जातीचा. ज्ञान सर्वांना वाटणारा कोणता आणि गुपित विकणारा कोणता, हा भेद करण्याइतकी सवड सत्तेला नसते.

आता वृत्तपत्रांकडे येतो, कारण शब्दाच्या आयुष्यातील मोठे वळण येथे आहे. यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये छापील वार्तापत्रांचे पेव फुटले आणि त्यांतील कित्येकांनी आपल्या मथळ्यात ‘इंटेलिजन्सर’ हा शब्द घेतला. हेराला जे कळते ते एका शिलिंगाहून कमी किमतीत तुम्हाला कळेल, असे जणू ते वाचकाला सांगत होते. क्रॉमवेलच्या राजवटीत मात्र १६५५ साली एक विलक्षण योग जुळून आला. त्याचा सचिव जॉन थर्लो हा हेरखात्याचा प्रमुख होता. त्याच वर्षी टपालखातेही त्याच्या हाती आले आणि रात्री पत्रे उघडून वाचण्याची सोय झाली. त्याच वर्षी इतर वार्तापत्रे बंद करण्यात आली आणि मार्चमंट नीडम ह्या पत्रपंडिताची दोनच पत्रे उरली. त्यांपैकी नव्याने निघालेल्या पत्राचे नाव ‘पब्लिक इंटेलिजन्सर’, म्हणजे सार्वजनिक हेर म्हणा किंवा सार्वजनिक बातमीदार. हेरखाते, टपाल आणि वृत्तपत्र एकाच टेबलाच्या तीन खणांत! राजेशाहीविरुद्ध क्रांती करून आलेल्यांनी हे केले, हे आपण समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. क्रांती झाली म्हणून खण आपोआप वेगळे होत नाहीत.

राजा परत आला तेव्हा खण तसेच राहिले, फक्त माणूस बदलला. १६६३ साली सर रॉजर लेस्ट्रेंज मुद्रणाचा निरीक्षक झाला आणि बातम्या छापण्याचा मक्ताही त्यालाच मिळाला. ३१ ऑगस्ट १६६३ रोजी त्याने ‘द इंटेलिजन्सर’ नावाचे पत्र काढले. पहिल्याच अंकात ह्या संपादकाने लिहिले ते वाचून आजचाही वाचक थक्क होतो. वृत्तपत्र असावे असे आपल्याला मुळात वाटतच नाही, कारण त्यामुळे सामान्य जनता वरिष्ठांच्या कृत्यांशी आणि मसलतींशी फार सलगी करू लागते, असा त्याचा आशय आहे. वृत्तपत्राचा संपादक वृत्तपत्राच्या विरोधात! त्याच शरदात त्याने लंडनच्या एका गल्लीत पहाटे जॉन ट्विन ह्या छापखानेवाल्यावर धाड घातली. अन्यायी राजाविरुद्ध शस्त्र धरण्याचा जनतेला अधिकार आहे, असे सांगणारे पुस्तक ट्विन छापत होता. १६६४ च्या फेब्रुवारीत ट्विनला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. पुस्तकाच्या लेखकाचे नाव त्याने सांगितले नाही. मित्रहो, ह्या चित्रात खरा इंटेलिजन्सर कोणता? बातम्यांचे पत्र काढणारा तो, की खबऱ्यांच्या मदतीने छापखाना शोधून काढणारा तो? दोन्ही एकच गृहस्थ होते, हेच त्या काळाचे उत्तर.

येथे थोडे थांबून आपल्या मराठीकडे वळतो. ‘बातमीदार’ ह्या आपल्या नित्याच्या शब्दाचा प्रवास ह्याच वाटेने झाला आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत बातमी म्हणजे मुख्यत: फौजांची, दरबारांची, शत्रूच्या हालचालींची खबर, आणि बातमीदार म्हणजे ती खबर धन्याला आणून देणारा. बहिर्जी नाईकाची कीर्ती ह्याच कामाची. जासूद हा तर निरोप्याही आणि टेहळ्याही. दिल्लीत हिंगणे घराण्यातील वकील पेशव्यांना जी पत्रे लिहीत, त्यांत राजकारण, अफवा, भाव, कारस्थाने सारे असे. आज आपण त्यांना इतिहासाची साधने म्हणतो. पाठविणारा ती बातमी म्हणूनच पाठवीत होता. पण ती छापली जात नव्हती. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. पुढे मराठी वृत्तपत्रे वाढली, तसतसा बातमीदार धन्याच्या पदरचा न राहता वाचकाच्या पदरचा झाला. शब्द तोच, धनी बदलला. ‘वार्ता’ ह्या शब्दाची गंमत तर अद्याप चालू आहे. वार्ता जनतेला देतो तो वार्ताहर. आणि जी वार्ता जनतेला द्यायची नाही तिच्यासाठी महाराष्ट्र शासनाचा राज्य गुप्तवार्ता विभाग! ‘गुप्त’ हे एक विशेषण लागले की वार्तेचा प्रवाह खालून वर वाहू लागतो. इंग्रजीने जो भेद दोनशे वर्षांत केला, तो मराठीने एका उपसर्गात करून ठेवला आहे.

इंग्रजीत पुढे काय झाले? अठराव्या शतकात इंटेलिजन्सर म्हणजे वृत्तपत्र हाच अर्थ रूढ झाला. डब्लिनमध्ये स्विफ्ट आणि त्याचा मित्र शेरिडन ह्यांनी १७२८ साली त्याच नावाचे पत्र काढले, ते आयर्लंडच्या दैन्यावर सरकारला टोचण्यासाठी. हेरासाठी साधा, शिवीसारखा ‘स्पाय’ हा शब्द उरला. आणि सरकारदरबारी माणसाचे नाव पूर्णपणे गळून केवळ भाववाचक नाम राहिले : इंटेलिजन्स. माणूस गेला, खाते आले. खात्याला चेहरा नसतो, विवेक नसतो, पश्चात्ताप नसतो. बोसोला निदान रंगमंचावर येऊन स्वत:ला शिव्या देतो.

शब्दाच्या ह्या दोन वारसांची, म्हणजे वृत्तपत्राची आणि हेराची, समोरासमोर गाठ पडली ती कामगार चळवळीच्या अंगणात. आणि आजच्या विषयाचा गाभा माझ्या मते तेथे आहे. १७९२ च्या जानेवारीत टॉमस हार्डी नावाच्या एका चांभाराने लंडनमध्ये मूठभर मित्रांसह ‘लंडन करस्पाँडिंग सोसायटी’ स्थापन केली. सर्वांना मताधिकार ही तिची मागणी, आठवड्याला एक पेनी ही वर्गणी आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नाही हा तिचा नियम. ह्या शेवटच्या नियमात क्रांती होती. राजकारण म्हणजे बंद खोलीतील निवडक लोकांची मसलत, हा समज त्याने मोडला. ज्या संस्थेत कोणीही येऊ शकतो तेथे हेरही येऊ शकतो, आणि ते आले. ग्रोव्हज नावाचा एक हेर इतका उत्साही सभासद झाला की, जेव्हा त्याच्यावर संशय आला तेव्हा संस्थेने रीतसर चौकशी भरवून त्याला निर्दोष ठरवले! हसू येते, पण त्या चौकशीत मला एक मोठेपणही दिसते. ज्यांना स्वत:ला न्याय मिळत नव्हता अशा कारागिरांनी संशयिताला बचावाची संधी दिली. १७९४ साली हार्डीवर राजद्रोहाचा खटला झाला. हेरांनी साक्षी दिल्या, ज्यूरीने त्या ऐकल्या आणि ५ नोव्हेंबर रोजी हार्डी निर्दोष सुटला. संस्थेचा कारभार उघड्यावर असल्यामुळे हेराला उघड करण्यासारखे गुपित फारसे नव्हतेच.

हेरगिरीच्या मूर्खपणाचीही एक कथा त्याच काळची आहे. १७९७ साली सरकारने जेम्स वॉल्श नावाच्या माणसाला सॉमरसेटमध्ये वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज ह्या तरुण कवींवर नजर ठेवायला पाठवले. कोलरिजने पुढे सांगितले की, आपण स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञाबद्दल बोलत असता हेराला ते ‘स्पाय नोझी’, म्हणजे नाकाड्या हेर असे ऐकू आले आणि आपल्यालाच हे हिणवत आहेत असे वाटून तो घाबरला. कवीने मीठमसाला लावला असावा. पण वॉल्श खरोखरच गेला होता.

१८१७ ची कथा मात्र हसण्याची नाही. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते, धान्य महाग, मागवाल्यांना आणि मोजे विणणाऱ्यांना काम नाही. हेबियस कॉर्पसचा कायदा स्थगित. अशा वेळी ऑलिव्हर नावाचा एक मनुष्य उत्तर इंग्लंडच्या गावोगाव हिंडू लागला. लंडनमध्ये हजारो लोक उठावाला तयार आहेत, तुम्हीच मागे आहात, असे तो प्रत्येक ठिकाणी सांगे. लंडनमध्ये कोणी तयार नव्हते. ऑलिव्हर गृहखात्याचा पगारी माणूस होता. ९ जूनच्या रात्री डर्बीशायरमधील पेंट्रिच गावच्या परिसरातून जेरेमाया ब्रँडरेथ ह्या मोजे विणणाऱ्याच्या मागे काहीशे भुकेले लोक भाले, कोयते घेऊन नॉटिंगहॅमच्या दिशेने पावसात निघाले. वाटेत एक माणूस मारला गेला. पहाटे घोडदळ दिसताच सारे पांगले. ७ नोव्हेंबरला डर्बी येथे ब्रँडरेथ, टर्नर आणि लडलम ह्यांना फाशी देऊन त्यांची शिरे उडवण्यात आली. चौदा जणांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केले. टर्नरने फासाखाली उभे राहून हे सारे ऑलिव्हरचे आणि सरकारचे काम आहे असे ओरडून सांगितले.

पण खटल्याच्या कितीतरी आधी, १४ जूनलाच, ‘लीड्स मर्क्युरी’ ह्या पत्राने ऑलिव्हरचे बिंग फोडले होते. त्याआधी काही दिवस यॉर्कशायरमध्ये कार्यकर्त्यांची एक बैठक सैनिकांनी घेरली होती. सर्वांना धरले, ऑलिव्हर मात्र निसटला. आणि नंतर त्या भागाच्या लष्करी सेनापतीच्या नोकराशी वेकफिल्डमध्ये बोलताना एकाच्या दृष्टीस पडला. पत्राचा संपादक एडवर्ड बेन्स काही क्रांतिकारक नव्हता, मध्यमवर्गीय उदारमतवादी होता. त्याने एवढेच केले की, ऐकीव बातमी न छापता ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, नावगावानिशी छापली. पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला. त्याच वर्षीच्या इतर खटल्यांत हेरांच्या साक्षीवरील ज्यूरींचा विश्वास उडाला. लंडनमध्ये डॉक्टर वॉटसन सुटला, यॉर्कमधील कैदी सुटले. डर्बीच्या खटल्यात सरकारने शहाणपणाने ऑलिव्हरला साक्षीला आणलेच नाही. पुढे त्याला नाव बदलून दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत पाठवण्यात आले.

जनतेचा इंटेलिजन्सर आणि सरकारचा इंटेलिजन्सर ह्यांच्यातील हा सामना मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघेही तेच करीत होते : विचारत होते, ऐकत होते, लिहून पाठवत होते. फरक साहसात नाही, बुद्धीत नाही. एकाचा मजकूर छापला जातो आणि खोटा असेल तर दुसऱ्या दिवशी त्याचा प्रतिवाद होतो. दुसऱ्याचा मजकूर सीलबंद लखोट्यात जातो. ज्याच्याविषयी तो लिहिलेला असतो त्याला तो कधी दिसत नाही, म्हणून तो खोडताही येत नाही. मग लिहिणाऱ्याला जे लिहिल्याने पगार टिकेल तेच तो लिहितो. शांतता आहे, लोक फक्त भुकेले आहेत, असा अहवाल रोज पाठवणाऱ्या हेराला कोण ठेवून घेईल? १८३३ साली लंडनच्या नव्या पोलीस दलातील पोपे नावाच्या सार्जंटने चित्रकाराचे सोंग घेऊन एका राजकीय संघटनेत शिरकाव केला आणि सभासदांना चिथावणारी भाषणे केली. कॉमन्स सभागृहाच्या समितीने त्याचा निषेध केला. ऑलिव्हरनंतर सोळा वर्षांनी!

आपल्या देशात इंग्रज हे शास्त्र तयार स्थितीत घेऊन आला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ साली राजकीय पाळतीचे मध्यवर्ती खाते उभे राहिले, त्याचे नाव ‘डिपार्टमेंट ऑफ क्रिमिनल इंटेलिजन्स’. स्वराज्य मागणारे आणि दरोडेखोर एकाच फायलीत, हे त्या ‘क्रिमिनल’ शब्दाचे काम. १९२० साली त्याचे ‘इंटेलिजन्स ब्यूरो’ झाले. ते नाव आजही आहे. पण त्या ब्यूरोला संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याचा पाया आजही नाही. आपल्या समाजवादी परंपरेला हे सारे अंगावर सोसून ठाऊक आहे. १९४२ साली मुंबईत उषाबेन मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. राममनोहर लोहियांचा त्याला आधार होता. छापील पत्रांच्या तोंडाला कुलूप होते तेव्हा तो देशाचा बातमीदार होता. सुमारे तीन महिने जागा बदलत तो चालला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. वाट दाखवली ती त्यांच्याच एका तंत्रज्ञाने. तेव्हा उघडपणे काम करण्याची वाटच बंद होती, ही गोष्ट उघडपणाचा आग्रह धरताना मी विसरलेलो नाही.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. लेस्ट्रेंजला हेवा वाटावा अशी व्यवस्था! बातमीदार गप्प, गुप्तवार्ता जोरात. आणि परिणाम? १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना विजयाची खात्री देणारे गुप्त अहवाल मिळत होते, असे त्या काळावर लिहिणाऱ्या अनेकांनी नमूद केले आहे. वर्तमानपत्र बंद करणाऱ्याला शेवटी स्वत:लाच वर्तमान कळेनासे होते. २०२१ साली ‘पेगासस’ ह्या इस्रायली सॉफ्टवेअरने भारतातील पत्रकारांच्या आणि कार्यकर्त्यांच्या फोनवर पाळत ठेवल्याचा आरोप झाला, सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. आता पागेच्या अधिकाऱ्याचीही गरज उरली नाही. माणूस स्वत:च्या पैशाने हेर विकत घेऊन खिशात बाळगतो.

ह्यावर आपण कार्यकर्त्यांनी काय करावे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एक गोष्ट निश्चितपणे करू नये. मतभेद झाला की सहकाऱ्याला सरकारचा माणूस ठरवण्याची सवय लावून घेऊ नये. चळवळीचे जेवढे नुकसान हेराने होते त्याहून अधिक हेराच्या संशयाने होते, हे हेर पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असते. आपल्याकडे गेल्या पन्नास वर्षांत किती गट ह्या एका शब्दावर फुटले, ते तुम्हीच मोजा. ब्रिटनमध्ये १९६८ पासून २००८ पर्यंत पोलिसांचे एक विशेष पथक डाव्या संघटनांत खोटी नावे घेऊन वावरत होते. ह्या पथकातील काहींनी मृत बालकांची नावे धारण केली, चळवळीतील स्त्रियांशी वर्षानुवर्षे खोटे संसार मांडले. ते बाहेर आले ते त्या स्त्रियांच्या चिकाटीने आणि पत्रकारांच्या मदतीने. २०१५ साली त्यावर न्यायिक चौकशी सुरू झाली. त्या स्त्रियांनी संशयावरून कोणाला जाळले नाही. त्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या, दाखले गोळा केले आणि मग तोंड उघडले. बेन्सने १८१७ साली केले तेच.

दुसरी गोष्ट आपल्या दप्तराची. लंडनच्या त्या कारागिरांच्या सभांत काय बोलले गेले, हे इतिहासकारांना आज मोठ्या प्रमाणावर हेरांच्या अहवालांतून कळते. ई. पी. टॉमसन ह्यांनी १९६३ साली इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीचा प्रसिद्ध इतिहास लिहिला, तेव्हा त्यांना हे अहवाल प्रत्येक वाक्यागणिक तोलून वापरावे लागले. कारण मजुरी मोजून मिळवणारा हेर धोका फुगवून सांगतो. आपल्याकडेही मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून जे खंड छापले त्यांत पोलिसी नोंदींचा मोठा भरणा आहे. आपल्या तालुक्यातील १९७७ पूर्वीच्या सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, हाताने लिहिलेली पत्रके कोणाच्या माळ्यावर असतील, तर ती वाळवी लागण्यापूर्वी खाली काढा आणि सभेनंतर मला भेटा. मागच्या रांगेतल्या गृहस्थांच्या वह्या सरकारने जपून ठेवल्या आहेत.